एका घरात दोन विजेच्या गाड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला यंदा बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. दरवर्षी या जागेवरून डॉक्टरीणबाई बोलतात, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलतात. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी दोन विजेच्या गाड्या आहेत, त्यावर आपल्या सोसायटीत वाद झाला, आणि तुम्ही त्याचा हिशेब ठेवला आहे. तो हिशेबच सांगा." हिशेब ठेवणे हे गृहिणीचे रोजचेच काम. म्हणून मी धीर करून उभी राहिले आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

पहिल्या प्रथम एक सांगते. विजेची गाडी ही काही काल-परवाची नवलाई नव्हे. मुंबईत १९०७ साली विजेवरच्या ट्राम धावू लागल्या, त्या १९६४ पर्यंत धावत होत्या. बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी निघाली. आणि घरगुती गाडीचे म्हणाल तर अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या हाती विजेच्या मोटारी होत्या. पेट्रोलची मोटार घराघरात पोचवणारे जे हेन्री फोर्ड, त्यांच्या पत्नी क्लाराबाई स्वतः विजेची मोटार चालवीत. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी दांडा जोराने फिरवावा लागे, धूर आणि धडधड वेगळीच. विजेच्या गाडीला यातले काही नव्हते. पुढे १९१२ साली बटणाने सुरू होणारी पेट्रोलची मोटार निघाली, पेट्रोलही स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. म्हणजे फोर्डसाहेबांच्या घरी नवऱ्याचा कारखाना एका गाडीचा आणि बायकोची पसंती दुसऱ्या गाडीला. घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय!

आता आमच्या घरचे सांगते. घरात आम्ही चौघे. यजमान मिरजेच्या पुढे एका कारखान्यात नोकरीला आहेत, जाऊन येऊन तीस किलोमीटर होतात. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी कॉलेजात शिकते. पहिली विजेची स्कूटर आम्ही २०२२ च्या दसऱ्याला घेतली, ती यजमानांची जुनी पेट्रोलची गाडी थकली म्हणून. दुसरी घेतली २०२४ मध्ये. पहिलीच्या वेळी कोणी काही बोलले नाही, उलट पेढे मागितले. दुसरी आली तेव्हा मात्र जिन्यात कुजबूज सुरू झाली, "एका घराला दोन-दोन गाड्या कशाला? ही चैन झाली."

भगिनींनो, याचे उत्तर मी आज सर्वांसमोर देते. घरात गाडी एकच असली की ती पुरुषाची गाडी असते. ती कोणाच्या नावावर आहे, हप्ते कोणाच्या काटकसरीतून गेले, याला महत्त्व नाही. सकाळी आठाला ती घराबाहेर जाते आणि संध्याकाळी सातला परत येते. यात आमच्या घरच्यांचा काही दोष नाही, नोकरी म्हटली की जावेच लागते. पण मधल्या अकरा तासांत घरातल्या बायकांनी काय करायचे? दळणाला चालत जायचे, बँकेत जायला रिक्षाची वाट पाहायची, आणि दवाखान्यासाठी घरधन्यांच्या रजेची वाट पाहायची.

आमच्या सासूबाईंना साखरेचा विकार आहे आणि तो डोळ्यांवर उतरला आहे. डोळ्यांत ठरावीक दिवशी इंजेक्शन घ्यावे लागते, त्यासाठी मिरजेला जावे लागते. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव, तिथे उपचार चांगले होतात, पण तिथवर पोचले पाहिजे. २०२३ च्या पावसाळ्यात लागोपाठ दोन वेळा जाणे हुकले. एकदा यजमानांना रजा मिळाली नाही, एकदा रिक्षा ऐनवेळी आली नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "उजव्या डोळ्याची नजर उतरली आहे. या इंजेक्शनांत खाडा चालत नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पोथी उघडली, डोळ्याजवळ नेली, लांब धरली, आणि मिटून ठेवली. त्या दिवशी आमच्या घरात दुसऱ्या गाडीचा विषय निघाला, आणि तो सासूबाईंनीच काढला. आपल्या पाटल्यांपैकी एक मोडायला त्यांनी दिली. गाडी माझ्या नावावर झाली. तेव्हापासून एकही इंजेक्शन चुकलेले नाही. दुसऱ्या डोळ्याने त्या अजून पोथी वाचतात.

या गाडीवर आता घरातल्या तिघींचा संसार चालतो. सकाळी मुलगी क्लासला नेते, दहापर्यंत परत येते. मग ती माझ्याकडे. मला चाळिशीनंतर परवाना मिळाला, याचे काहींना आश्चर्य वाटते. पण खाजगी गाडीच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या असतात आणि प्रश्न मराठीत मिळतात. ज्या बाईला किराण्याची यादी वाचता येते, तिला हे येते. माझ्या पाठोपाठ मंडळातल्या चौघींनी परवाना काढला आहे.

आता पैशाचा हिशेब ऐका. यात मी काही लपवणार नाही.

आमच्या दोन्ही गाड्यांची बॅटरी तीन-तीन युनिटांची आहे. म्हणजे तिच्यात तीन युनिट वीज मावते. पण दूध तापवताना थोडे आटते, तशी वीज भरतानाही थोडी वाया जाते. भिंतीतून साधारण साडेतीन युनिट जातात आणि गाडी आमच्या रस्त्यांवर ऐंशी किलोमीटर धावते. कंपनीच्या कागदावर आकडा मोठा असतो, तो बाजूला ठेवावा. यजमानांच्या गाडीचे महिन्याचे ७८० किलोमीटर होतात, त्याला ३४ युनिट लागतात. माझ्या गाडीचे सुमारे ३१० किलोमीटर, त्याला १४ युनिट. दोन्ही मिळून ४८ युनिट.

इथे एक मेख आहे, ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी. घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, पुढे १०१ ते ३०० चा दर जवळजवळ दुप्पट, मग ३०१ ते ५००, आणि त्याच्यावर आणखी महाग. आमचे घर आधी ९५ युनिटांत भागत असे. म्हणजे गाड्यांची वीज जवळजवळ सगळी दुसऱ्या पायरीवर पडते. कर वगैरे धरून ती आम्हाला युनिटला तेरा रुपयांच्या आसपास पडते. ४८ युनिटांचे सव्वासहाशे रुपये झाले. जी दुकाने "पाच रुपये युनिट" धरून हिशेब दाखवतात, त्यांना आपले मागचे बिल दाखवावे आणि आपली पायरी कोणती ते विचारावे. घरात गाडी एक असेल तर ही पायरी कदाचित चुकते, दोन झाल्या की बहुधा चुकत नाही.

एवढ्याच किलोमीटरला पेट्रोलची गाडी, लिटरला पंचेचाळीस धरली तर, २४ लिटर पेट्रोल पिते. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. म्हणजे अडीच हजार रुपये. तेव्हा दोन गाड्या मिळून महिन्याला एकोणीसशे रुपये वाचतात. पण त्यातले साडेतेराशे यजमानांच्या गाडीवर वाचतात, माझ्या गाडीवर जेमतेम साडेपाचशे. लाखाच्या गाडीची किंमत साडेपाचशे रुपयांनी कधी फिटायची? म्हणून सांगते, जी गाडी रोज दहा-बारा किलोमीटरच फिरणार, ती "पैसे वाचतात" म्हणून घेऊ नये. ती गरज असेल तर घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण कोणाचे आणि पाय कोणाचे, हेही घरात एकदा बसून बोलावे.

वाचलेले सगळे पैसे खर्चही करू नयेत. बॅटरी ही काही जन्माची नसते. बहुतेक कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, काही जास्त पैसे घेऊन ती वाढवून देतात. पुढे बदलायची वेळ आली तर काही हजारांचा खर्च एकदम येतो. मी दर महिन्याला हजार रुपये वेगळे टाकते. पाच वर्षांत साठ हजार होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बॅटरीलाही लागू आहे.

आता सोसायटीतल्या वादाकडे वळते. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आणि आज सात विजेच्या स्कूटर आहेत. इमारत जुनी, मुख्य तार जुनी. संध्याकाळी सगळे घरी आले की सातही गाड्या एकदम लागायच्या, त्याच वेळी पाण्याचा पंप, गीझर, मिक्सर. दोन-चार वेळा मुख्य फ्यूज उडाला आणि सगळी इमारत अंधारात बसली. सभेत ठराव आला की एका घराला एकच गाडी चार्ज करण्याची परवानगी असावी. ठराव मांडणाऱ्यांचा राग मी समजू शकते. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी अंधारात का बसावे? पण या ठरावाने काय झाले असते? प्रत्येक घरात एक गाडी राहिली असती, आणि ती कोणाची, हे मी मघाशीच सांगितले. दुसरी गाडी बंद म्हणजे घरातल्या बाईची गाडी बंद.

म्हणून आम्ही पाच जणींनी सभेत हिशेब मांडला. स्कूटरचा चार्जर साधारण साडेसातशे वॅटचा असतो, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतका. गीझर त्याच्या अडीच-तीन पट वीज ओढतो. सात गाड्या एकदम लावल्या तर सात इस्त्र्या एकदम लावल्यासारखे होते. पण त्या एकदम लावायच्याच कशाला? तीस किलोमीटर फिरलेल्या गाडीला पुन्हा भरायला दोन तासांहून कमी वेळ लागतो, माझ्या गाडीला पाऊण तास पुरतो. रात्रभर लावून ठेवण्याची गरजच नाही. आपल्या भागात उसाला पाणीपाळी असते, उन्हाळ्यात नळाला पाळी असते. पाळी बांधून घेण्याची अक्कल आपल्याला कोणी शिकवायला नको. तशीच विजेची पाळी बांधली. एका वेळी तीनच गाड्या. संध्याकाळी सात ते दहा कोणीच लावायची नाही. घरी राहणाऱ्या बायकांच्या गाड्या दुपारी, नोकरदारांच्या रात्री दहानंतर आणि पहाटे. पाळीचा कागद जिन्याखाली चिकटवला आहे. गाड्यांच्या तारांचा आणि मीटरचा खर्च गाडीवाल्यांनीच करायचा, बाकीच्यांवर त्याचा बोजा नाही, हेही आम्ही आपणहून लिहून दिले. ठराव सहा महिने पुढे ढकलला गेला आहे. पाळी सुरू झाल्यापासून फ्यूज उडालेला नाही. सहा महिने संपायला दोन उरले आहेत. आता या दोन महिन्यांत पाळी मोडणार नाही, हे आपल्या हातात आहे.

कायद्याचेही थोडे सांगते. आपल्या घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करण्यास केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. गाड्यांसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर हवा असेल तर महावितरणकडे तसा अर्ज करता येतो. बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. दुसरी गाडी घेण्याआधी तो वाचावा, आणि कमी पडत असेल तर वाढवून घ्यावा. मोटार घ्यायची असेल तर हे फारच आवश्यक. स्कूटर म्हणजे इस्त्री, पण विजेची मोटार म्हणजे तासन्‌तास चालणारा मोठा गीझर. ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांनी २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा विचार करावा. एक किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिट देते. आमच्या दोन्ही गाड्यांची महिन्याची भूक त्याच्या निम्म्यात भागली असती. आमची गच्ची बारा घरांची, त्यामुळे तो योग अजून आलेला नाही.

आता सुरक्षेच्या चार गोष्टी सांगते. २०२२ च्या मार्च महिन्यात तमिळनाडूत वेल्लोरला घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप-लेकीचा जीव गेला. त्याच महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला होता. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. भिऊन बसण्याचे कारण नाही, घरात गॅसची टाकीही आपण ठेवतोच. पण शिस्त हवी.

एक. सॉकेट १५ किंवा १६ अँपिअरचे हवे, अर्थिंग पक्के हवे, आणि त्या लाइनीला स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी हवा. तार किती जाड घ्यायची ते परवाना असलेल्या वायरमनकडून ठरवून घ्यावे. एका एक्स्टेन्शन बोर्डात दोन गाड्या कधीही लावू नयेत. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडून गाडी लावणाऱ्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. त्या वायरीखाली आपलीच पोरे खेळतात.

दोन. ज्या गाडीचा चार्जर त्याच गाडीला. दोन गाड्यांच्या घरात हीच गफलत होते, कारण चार्जर दिसायला सारखे असतात. मी एकाला लाल दोरा बांधला आहे, एकाला हिरवा. सासूबाईंनाही तो ओळखू येतो.

तीन. बॅटरी काढून वर नेत असाल तर ती स्वयंपाकघरात, देवघराच्या समईजवळ किंवा बाहेर पडायच्या एकुलत्या एका दाराशी ठेवू नये. उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. बॅटरी अगदी तळाला जाऊ देऊ नये. महिनाभर गावाला जायचे तर ती निम्मी भरून ठेवावी, गच्च भरून किंवा रिकामी ठेवू नये.

चार. ही आपल्या सांगलीची गोष्ट. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. पुरात आधी पाणी येते आणि मग वीज जाते. ज्या घरातल्या दोन्ही गाड्या विजेच्या, त्या घराने आधीच सावध असावे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले की आम्ही दोन्ही गाड्या पूर्ण भरून घेतो, आणि ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता उंचावर नेऊन ठेवतो. बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर चालू करू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. कंपनीच्या कारागिराने तपासल्यावरच तिला हात लावावा. आणि घरात एक साधी सायकल ठेवावी. तिला ना पेट्रोल लागते, ना वीज.

मुलांच्या हाती गाडी देण्याबद्दल एकच वाक्य. परवान्याच्या वयाआधी मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी गाडी घरी उभी दिसते म्हणून ती मुलाची होत नाही.

भगिनींनो, वेळ संपत आला. मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, मंडळाच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी वीजबिल वाचण्याचा वर्ग घ्यावा. मंजूर भार, पायरी आणि युनिट एवढे कळले तरी पुष्कळ. दुसरी, एका चांगल्या वायरमनला बोलावून गल्लीतल्या घरांचे अर्थिंग तपासून घ्यावे, वर्गणी आपण काढू. तिसरी, ज्या घरांत दुसरी गाडी येईल, ती घरातल्या स्त्रीच्या नावावर घ्यावी आणि तिचा परवाना आधी काढावा.

दोन गाड्या प्रत्येक घरात असाव्यात, असे माझे म्हणणे नाही. ज्या घराला एकीत भागते त्याने एकच ठेवावी, ज्याला बसने भागते त्याने बसने जावे. २०२२ पासून एस.टी.चीही विजेची 'शिवाई' धावते आहे. पण ज्या घरात बाईची वाट गाडीवाचून अडली आहे, तिथे दुसऱ्या गाडीला कोणी चैन म्हणू नये, एवढीच माझी विनंती. आणि जिच्याकडे ती आहे, तिने शेजारणीला अंधारात बसवू नये.